बाराशे शेअरांचं भाडं

९ मार्च, सोमवार

चष्म्याची काडी मोडली म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो, दोन तास बसलो आणि मोडकी काडी तशीच खिशात घालून परत आलो. त्याच्या दुकानात सकाळी गिऱ्हाइकं दोन आणि शेअरबाजाराचे पंडित पाच असतात. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या हातात फोन. त्यातला एक पाणीखात्यातला. त्याने निम्मा फंड बाजारात घालवला आणि आता इतरांना धोका कसा सांभाळावा ते शिकवतो. बुडालेल्याने पोहण्याचा क्लास काढावा तसं.

आज चष्मेवाला माझ्याच मागे लागला.

“फोरमन, तुझे ते कंपनीचे बाराशे शेअर अजून तसेच?”

“तसेच आहेत आणि तसेच राहणार.”

“अंडी न देणारी कोंबडी पाळलीयस.”

“लाभांश येतो की वर्षाला.”

“त्यात ही काडीसुद्धा यायची नाही.”

मग त्याने डोळे तपासायचा जुना तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला शिकवलं. आज भाव चारशे दहा. कोणीतरी म्हणतो, महिनाअखेरीला हा शेअर साडेचारशेला घ्यायचा हक्क मला दे, त्या हक्काचे शेअरमागे सहा आत्ताच मोजतो. याला कॉल विकणं म्हणतात. भाव साडेचारशेच्या खाली राहिला तर तो हक्क बजावेल कशाला? सहा आपले, शेअरही आपले. पुढच्या महिन्यात पुन्हा दुसऱ्याला हक्क विकायचा.

“आणि वर गेला तर?”

“तर साडेचारशेला देऊन टाकायचे. आजच्यापेक्षा चाळीस जास्तच मिळतात की!”

“मला द्यायचेच नाहीत.”

“मग वर जाणार नाही असा भाव निवड. तुझ्याइतकी ती कंपनी कोणाला माहीत आहे?”

हे मात्र खरं बोलला. चौतीस वर्षं टेस्टिंग बेंचवर काढली मी. पंप सुरू केला की हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि लाकडी मूठ कानाला. ऐकून सांगायचो हा आठ वर्षं जाईल, हा दोन. साहेबलोकांचे मीटर नंतर तेच सांगायचे.

११ मार्च, बुधवार

फोनवरून कॉल विकले. पाच मिनिटांचं काम. शेअरमागे सहा, एकूण सात हजार दोनशे. पुस्तकाशिवाय, गुरूशिवाय. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी सगळं असंच शिकत आलो, उभ्याउभ्या. त्या पाणीखात्यातल्याला तीन पुस्तकं लागली होती बुडायला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे स्वतःलाच गंडवायला नको. शेअर जाऊ द्यायचे नाहीत. ज्या वर्षी कंपनीकडे पगाराला पैसे नव्हते, त्या वर्षी तिसरा हिस्सा शेअरमध्ये दिला. बाकीच्यांनी मिळेल त्या भावाला विकले. आमच्या हिने वर्षभर लोकांचे कपडे शिवून घर चालवलं, पण एक शेअर विकू दिला नाही. म्हणाली, “एवढा घाम गाळलात, मालक तरी व्हा थोडे.” म्हणून तर निवृत्तीनंतर अकरा वर्षं दर जुलैत वार्षिक सभेला जातो आणि भागधारक म्हणून उभा राहून प्रश्न विचारतो. अध्यक्षाला खुर्चीतून उठून माझ्याकडे बघावं लागतं. उत्तर ठरलेलं, “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.” गेली अकरा वर्षं नोंद चालू आहे, काम कधी सुरू होणार देव जाणे. पण शेअर गेले की दारावरचा माणूस मला आतही सोडणार नाही.

तर हे विकणं नाही. घर आपलं, भाडेकरू महिन्याचा. भाडं घ्यायचं.

२६ मार्च, गुरुवार

भाव चारशे अठरावर बंद. भाडेकरू रिकाम्या हाताने गेला.

मी कशाच्या जोरावर हे केलं ते चष्मेवाल्याला वाटतं नशीब. नशीब नाही, मुका पंप. कंपनीतल्या नव्या टायवाल्यांनी चार वर्षं आणि ढीगभर पैसा घालून एक पंप काढलाय. त्याचं कौतुक काय, तर तो आवाज करत नाही! दवाखान्यांसाठी, म्हणे. पेशंटची झोप मोडत नाही. अरे, जो पंप बोलत नाही तो जिवंत आहे की मेला हे कळणार कसं? मूल रडलं नाही तर दाई घाबरते, आणि हे टाळ्या वाजवतात. असली कंपनी चारशे दहाला आहे हेच नवल, साडेचारशेला कोण नेणार तिला?

आमच्या सूनबाई त्याच विभागात आहेत, सहा जण हाताखाली. कामाला वाघ, यात वाद नाही. पण हात कधी तेलकट झालेले पाहिले नाहीत मी. सगळं पडद्यावर.

३० मार्च, सोमवार

भाड्याच्या पैशातून सूनबाईसाठी खुर्ची आणली. पाठीला आधार देणारी, चाकांची. रोज रात्रीच्या जेवणानंतर ती जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसते आणि तास-दोन तास काम करते, मग कमरेवर हात ठेवून उठते. मला बघवत नाही. काम कितीही फुकटचं असो, कंबर तर खरी आहे.

“बाबा! एवढी महाग? कुठून आणलेत पैसे?”

“पेन्शनचा फरक आला.”

चिरंजीव शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी खुर्चीत बसून तीन गिरक्या घेतल्या आणि म्हणाले, “पृथ्वी अशी फिरते.” एवढ्यावर त्याला पगार मिळतो.

२ एप्रिल, गुरुवार

आज जेवताना सूनबाईने सहज विचारावं तसं विचारलं, “बाबा, तुमचे ते शेअर आहेत तसेच आहेत ना?”

“आहेत. का गं?”

“नाही, मला दर वर्षी सही करून द्यावी लागते. घरात कोणाकडे किती आहेत ते. आणि कंपनीचे निकाल जवळ आले की घरातल्या कोणीच त्यांना हात लावायचा नाही. ना घ्यायचे, ना विकायचे. परवापासून ते मेअखेरपर्यंत बंद. आमच्यासारख्यांना तर फार कडक आहे. नोकरीवर येतं.”

“मी कशाला हात लावू?”

“तेच म्हटलं. सांगितलेलं बरं.”

मी भाकरी मोडत राहिलो. एवढी वर्षं शेअर कपाटात होते, तेव्हा कोणी विचारलं नाही. आता वरची जागा रिकामी होतेय, विभागप्रमुखाची, जूनमध्ये ठरणार म्हणून घरात बोलणं चालू असतं. पगार वाढणार, मोठं घर घ्यायचं मनात असणार, मग म्हाताऱ्याच्या कपाटाकडे नजर जाणारच. मी वाईट मानत नाही. माणूस आहे. पण “सही करून द्यावी लागते” हे कारण मला पटलं नाही.

ताटं उचलताना म्हणाली, “बाबा, एकदा या ना टेस्टिंगला. आमचा पंप ऐका.”

मुका पंप ऐका! टोमणा मारायलाही अक्कल लागते, ती आहे तिला. मी म्हटलं, “आंधळ्याला सिनेमाला ने आधी.” ती ताटं घेऊन आत गेली.

६ एप्रिल, सोमवार

विचार केला. हात लावायचा नाही म्हणजे काय? घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत. मी दोन्ही करत नाही. शेअर जिथल्या तिथे आहेत, मी त्यांचं भाडं घेतो. घर विकायला बंदी असली म्हणून भाडेकरू ठेवायला बंदी नसते. हे लहान पोरालाही कळेल.

चष्मेवाला म्हणाला, जरा जवळचा भाव घे, भाडं जास्त येतं. चारशे चाळीसचा विकला. शेअरमागे नऊ.

३० एप्रिल, गुरुवार

शेवटच्या तासात चारशे सदतीसपर्यंत चढला. मी चष्मेवाल्याच्या स्टुलावर बसून होतो, समोरच्या आरशात माझाच चेहरा दिसत होता, तो बघवेना. शेवटी चारशे एकतीस. वाचलो. वाचलो कसला, ठरल्याप्रमाणे झालं.

पाणीखात्यातला म्हणाला, “फोरमन, काहीतरी शिजतंय तुमच्या कंपनीत.”

“तिथे पाणी उकळायला चार वर्षं लागतात. शिजणार काय?”

सगळे हसले. मला असं लोक हसले की बरं वाटतं, कबूल करतो.

४ मे, सोमवार

साडेचारशेचा कॉल विकला, अठ्ठावीस मेपर्यंतचा. भाडं अकरा! साडेचारशेच्याच कॉलला मार्चात सहा मिळाले होते. चष्मेवाला म्हणाला, लोक जास्त द्यायला लागले म्हणजे त्यांना वर जाईल असं वाटतंय. वाटू दे. बाजार म्हणजे मेंढरं. पुढचं खड्ड्यात पडलं की मागची रांगेत उभी.

१४ मे, गुरुवार

सूनबाई हल्ली घरात फोन आला की गॅलरीत जाते आणि दार लावून घेते. ते दार वाऱ्याने आपटतं म्हणून मी त्याच्या कडीत माझा बेंचवरचा स्क्रू ड्रायव्हर अडकवून ठेवलेला असतो. ती तो काढते, बोलते, परत येऊन नीट अडकवते. चेहरा ओढलेला. काल भाजीत मीठ दोनदा पडलं.

चिरंजीवांना विचारलं, “काय चाललंय तिचं?”

“काही सांगत नाही हो बाबा. मलाही नाही.”

“नवऱ्यालाही नाही?”

“म्हणते, नका विचारू, मला सांगता येत नाही.”

माझ्या ध्यानात आलं. पंप फसला असणार. चार वर्षांचं काम पाण्यात, आणि वरची जागाही गेली. पोरीचं वाईट वाटलं मला, मनापासून. आल्याचा चहा करून दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “बाबा, पंधरा दिवस जाऊ देत, मग सगळं सांगते.” सांगायची गरज नव्हती. मला चौतीस वर्षांचा अनुभव आहे, बेअरिंग जायच्या आधी पंप करकरतो, मोडायच्या आधी माणूस असाच गप्प होतो.

१९ मे, मंगळवार

सकाळी सव्वानऊला चष्मेवाल्याचा फोन. “फोरमन, बसलायस का उभा आहेस?”

कंपनीने बातमी दिली. मुक्या पंपाची ऑर्डर. एक ना दोन, चाळीस दवाखाने, पाच वर्षं. भाव उघडतानाच पाचशे वीस.

मी उभा होतो, बसलो.

संध्याकाळी सूनबाई पेढे घेऊन आली नाही, काही नाही, नुसती आली, चप्पल काढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. “बाबा, झालं. आता सांगते.” आणि अर्धा तास बोलली. किती वेळा फसलं, कोणत्या रात्री कोण रडलं, पहिल्यांदा पंप फिरला तेव्हा सगळ्यांना वाटलं तो सुरूच झाला नाही. हसत होती. मी “वा, वा” म्हणत होतो, आणि मनात बाराशेला गुणत होतो.

२० मे, बुधवार

पाचशे अठ्ठेचाळीस. महिनाअखेरीला माझे शेअर कोणीतरी साडेचारशेला घेऊन जाणार. कोण, तेही कळणार नाही. बसल्या बैठकीला शेअरमागे अठ्ठ्याण्णव त्याचे झाले, आणि मला अकरा देऊन गेला होता. भाडेकरूने घर घेतलं आणि जाताना मला फाटकाची गंजकी कडी दिली.

चूक टायवाल्यांची, हे लिहायला पेन उचललं. लिहवेना.

२२ मे, शुक्रवार

चष्मेवाला म्हणतो, एक तोड आहे. हा कॉल परत विकत घे आणि त्याच वेळी ऑगस्टचा, वरच्या भावाचा वीक. त्याचे येतील, ह्याला जातील, थोडी भर मुदतठेवीतून घाल. शेअर वाचतात. “मोठे लोक असंच करतात. मुदत पुढे ढकलत राहायचं.”

“कधीपर्यंत?”

“भाव पडेपर्यंत.”

म्हणजे ऑगस्टपर्यंत मी रोज सकाळी उठून सुनेचा पंप बंद पडावा अशी प्रार्थना करायची. मार्चपासून तेच करत होतो की, फक्त प्रार्थनेचे पैसे मिळत होते तेव्हा.

तरी सोमवारी करू म्हणालो. सभा सोळा जुलैला आहे. शेअर हवेत.

२५ मे, सोमवार

नाही केलं.

सकाळी फोन हातात घेतला होता. सूनबाई टेबलाशी बसून एक फॉर्म भरत होती, मी आणलेल्या खुर्चीत. म्हणाली, “बाबा, तुमच्या शेअरचं लिहितेय. बाराशे, जुने, वर्षभरात कोणताही व्यवहार नाही. बरोबर ना?” आणि सही करायला पेन टेकवलं.

मी म्हटलं, “थांब.”

आणि सांगितलं. कॉल, भाडं, चष्मेवाला, सगळं. तिचं पेन हवेतच. मध्ये एकदाच विचारलं.

“मी एप्रिलमध्ये सांगितल्यावरही?”

“मी विकले नाहीत. भाड्याने दिले.”

“बाबा.” बस, एवढंच म्हणाली. लहानपणी मास्तरांनी कान पिळला होता, तो बरा होता.

चिरंजीव म्हणाले, “अगं, पण कोणाला कळणार आहे?”

“मला कळलं ना,” ती म्हणाली. “जूनमध्ये जागेचं ठरतंय. बातमीच्या आधी माझ्या घरातून व्यवहार झालाय. उद्या बाहेरून कळलं तर जागा सोड, नोकरीही राहणार नाही. आज मीच सांगते.”

फॉर्म फाडला नाही तिने. “कोणताही व्यवहार नाही” खोडलं, शेजारी लिहिलं “आहे” आणि सही केली. 

२७ मे, बुधवार

कंपनीत गेलो. ज्या फाटकातून चौतीस वर्षं नुसतं बोट वर करून आत जायचो तिथे आज गळ्यात पाहुण्याची पाटी अडकवली. नियम बघणाऱ्या बाई आहेत एक, सूनबाईपेक्षाही लहान. मी मनात त्यांचं टोपणनावही ठेवून गेलो होतो. ते लिहीत नाही.

त्यांनी माझे तिन्ही व्यवहार वाचले. परत वाचले.

“आजोबा, म्हणजे तुम्ही भाव वर जाणार नाही असं धरलंत?”

“हो.”

“ऑर्डर येणार हे माहीत असणारी व्यक्ती तुमच्या घरात राहते, एकाच टेबलावर जेवते, आणि तुम्ही अगदी उलटा सौदा केलात?”

“हो.”

“का?”

का! काय सांगू? मी म्हटलं, “माझं मत होतं तसं.”

“मत लिहून द्या. तुमच्या शब्दांत. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं हे दाखवणारं दुसरं काही नाही आपल्याकडे.”

कागद दिला. मी एकदा लिहिलं, बाईंनी वाचलं. “यात फक्त ‘अंदाज चुकला’ एवढंच आहे. असं कोणीही लिहील. खरं लिहा.” मग लिहिलं. इथेही उतरवून ठेवतो.

“माझ्या सुनेने कंपनीच्या कामाबद्दल मला कधी काही सांगितले नाही. सांगितले असते तरी मी ऐकले नसते. नवा पंप चालणार नाही अशी माझी खात्री होती. आवाज न करणारा पंप टिकत नाही. तो बनवणाऱ्यांना, त्यात माझी सून आली, पंपातले काही कळते असे मला वाटत नव्हते. म्हणून मी कॉल विकले.”

बाईंनी पेन्सिलचं टोक एका ठिकाणी ठेवलं. “‘त्यात माझी सून आली’, हे राहू दे?”

“खरं आहे ते.”

“राहू दे मग. तेवढंच त्यांना वाचवेल.” आणि हळूच म्हणाल्या, “याची एक प्रत त्यांच्या फाइलला जाते, आजोबा. एक त्यांच्या हातात.”

निघताना विचारलं, शेअर वाचवायला अजून एक दिवस आहे, मुदत पुढे ढकलता येते, करू का? म्हणाल्या, आता एक बोटही लावू नका. जे होतंय ते होऊ द्या.

२८ मे, गुरुवार

बंद भाव पाचशे बासष्ट. बाराशे शेअर गेले.

चष्मेवाला दुपारपर्यंत तीनदा फोन करत होता, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. फोन उशीखाली ठेवून बसलो. हिच्या फोटोकडे पाहिलं नाही. ती काही बोलली नसती, म्हणूनच.

पोत्याएवढा शहाणपणा आणि त्याला तळाशी भोक.

९ जून, मंगळवार

कंपनीचा कागद आला. पानभर जड भाषा. सोलून काढलं तर आत एवढंच निघतं: ज्या माणसाला आतली माहिती आहे त्याने इतका मूर्खपणाचा सौदा करणं संभवत नाही, सबब सूनबाईंनी माहिती फोडली नाही. घरातल्यांवर लक्ष ठेवावं अशी त्यांना लेखी समज. मी तिन्ही महिन्यांचं भाडं कंपनी सांगेल त्या निधीत भरायचं. विभागप्रमुखाची जागा त्यांनाच.

चौतीस वर्षं काम केलं तेव्हा एक प्रशस्तिपत्रक मिळालं नाही. आता मूर्ख असल्याचं मिळालं, शिक्क्यासह, आणि त्यावर सुनेची नोकरी टिकली. पाणीखात्यातल्याला दाखवलं पाहिजे. त्याच्याकडे नाही असलं.

माझ्या जबानीची तिची प्रत टेबलावर पडली होती. ती घरात नव्हती. वाचायचं नाही ठरवून वाचली. “आवाज न करणारा पंप टिकत नाही” या ओळीखाली पेन्सिलने बारीक अक्षरात: सतरा हजार तास झाले, चालू आहे.

“त्यात माझी सून आली” याच्या शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

१६ जुलै, गुरुवार

आज सभा. गेलो नाही. सदरा मात्र सवयीने इस्त्री करून घातला, मग लाजून बदलला.

महिनाभर सूनबाई आणि मी जेवढ्यास तेवढं बोलतो. चहा हवा का, हवा. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. खुर्चीत बसते ती, हे नशीब. मला वाटलं होतं खुर्ची एखाद्या दिवशी जिन्याखाली दिसेल.

संध्याकाळी आली, पाणी प्यायली, म्हणाली, “आज सभा वीस मिनिटांत संपली. कोणी प्रश्नच विचारला नाही. अध्यक्ष दोनदा तुमच्या रांगेकडे बघत होते.”

“नोंद घ्यायला काही मिळालं नाही ना!”

“काय विचारणार होतात यंदा?”

“जाऊ दे. शेअर नाहीत, आता विचारायचा हक्क कुठे आहे?”

“मला विचारायला शेअर लागत नाहीत.” ती खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसली. “विचारा. उभं राहून विचारा, नेहमी विचारता तसं.”

थट्टा करते की काय ते कळेना. चिरंजीव वही तपासायची सोडून बघायला लागले. मी उभा राहिलो. गुडघा वाजला. घसा खाकरून, सभेत बोलतो तसं म्हटलं, “भागधारकाचा... माजी भागधारकाचा प्रश्न असा. जुना पंप बिघडायच्या महिनाभर आधी करकरायला लागायचा. दवाखान्याच्या तळघरातला अडाणी माणूसही म्हणायचा, साहेब, पंप कुरकुरतोय. तुमचा पंप बोलतच नाही. मग तो मरायला टेकलाय हे त्या माणसाला कळणार कसं? वर एखादा पेशंट मशीनवर असताना पंप न सांगता गेला तर?”

मी थांबलो. दर वर्षी इथे तो अध्यक्ष नोंद घेतो.

सूनबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग तिने हात लांब करून चिरंजीवांच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं.

“परत सांगा. सावकाश. करकर कुठून यायची? आधी बेअरिंग की आधी सील?”

सांगितलं. तिने लिहून घेतलं. अर्ध्या पानानंतर पेन थांबलं. “आम्ही मीटर बसवलाय,” ती म्हणाली, “पण तो आम्ही ऑफिसात बसून बघणार. तळघरातल्या माणसाचा विचार आम्ही केलाच नाही, बाबा. मला उत्तर माहीत नाही.”

अकरा वर्षं मी वाट बघितली होती की त्या कंपनीतलं कोणीतरी एकदा तरी असं म्हणेल. आणि म्हटलं तेव्हा मला मेलं काहीच बरं वाटलं नाही. पेन घेतलेल्या हाताने ती कपाळ चोळत होती, तिथे लाल रेघ उठली होती. तिला काहीतरी उत्तर सापडावं असंच वाटत होतं.

“आतून बोलत असेल तो,” मी म्हटलं. “बाहेर ऐकू येत नसेल, एवढंच. लाकडी मुठीतून येईल कदाचित.”

“उद्या साडेआठला निघते मी,” ती म्हणाली. “पाहुण्याची पाटी लावावी लागेल.”

“लावीन.”

ती उठून गॅलरीच्या दाराशी गेली, कडीतला स्क्रू ड्रायव्हर काढला, पदराने पुसला आणि माझ्या चष्म्याशेजारी आणून ठेवला. दार लगेच आपटायला लागलं. आता त्याला दुसरं काहीतरी शोधायला हवं. चष्मेवाल्याने हिशेबासकट मला दिलेला तो डोळ्यांचा तक्ता घडी करून बसतो का बघतो.